खो-खोंतील एक आर्ष प्रयोग

वाचकहो, या सदरांत मी एरव्हीं शब्दांविषयीं लिहितों. कोणता शब्द कोठून आला, कोणतें रूप शुद्ध आणि कोणतें अशुद्ध, हा माझा जन्माचा व्यवसाय. शाळेची नोकरी संपली तरी तो सुटलेला नाहीं. आज मात्र मैदानावरील एका गोष्टीविषयीं लिहावयाचें आहे. ज्यांना हें विषयांतर वाटेल त्यांनीं थोडा धीर धरावा. व्याकरण वाटेंत आपल्या पायांनीं येऊन भेटणारच आहे.

माझे एक जुने स्नेही नागपुरांत महालाच्या बाजूस राहतात. घर भरलेलें, तीन भाऊ, त्यांच्या सुना, नातवंडें अशीं चौदा माणसें एका पंक्तीला बसतात. त्यांची धाकटी नात नववींत आहे. तिचें नांव मी येथें देत नाहीं. कोवळ्या वयांत आपलें नांव छापलेलें पाहण्याची संवय लागूं नये, एवढेंच त्याचें कारण. ही मुलगी खो-खो खेळते, आणि धांवण्यांत तिच्या शाळेंत तिच्यापुढें कोणी नाहीं. असें असतांहि गेल्या हिंवाळ्यांत, जिल्ह्याच्या स्पर्धा तोंडावर आल्या असतां, तिच्या क्रीडाशिक्षकांनीं घरीं निरोप पाठविला कीं, मुलगी आपली पळण्याची तऱ्हा सोडणार नसेल तर तिला संघांत घेतां येणार नाहीं.

घरांत अर्थातच दोन पक्ष झाले. थोरल्या काकांचें म्हणणें, गुरूनें सांगितलें तें विद्यार्थ्यानें करावें, त्यांत विचारण्यासारखें काय आहे? आजीबाईंचें म्हणणें, पुढलें वर्ष दहावीचें, तेव्हां संघांतून नांव गेलें तर देवच पावला म्हणावयाचें. आजोबांचें म्हणणें, घोड्यासारखी पळणारी पोर केवळ रीत वेगळी म्हणून घरीं बसवावयाची हा कोठला न्याय? मुलगी कांहींच बोलत नव्हती. दोन दिवस ती नीट जेवलीहि नव्हती. शेवटीं, जन्मभर मुलांच्या चुका काढण्यांत गेलेला मनुष्य म्हणून मला पंच नेमण्यांत आलें. मीं अट घातली कीं, आधीं मी तिला पळतांना पाहीन आणि मग बोलेन.

मैदान घरापासून फार दूर नव्हतें. ऊन उतरलें होतें, चुन्याच्या रेघा ताज्या होत्या. ज्यांनीं बऱ्याच वर्षांत हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगतों. सुमारें २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद असें अंगण. दोन टोकांना दोन खांब. त्यांच्या मधील पट्टींत पाठलाग करणाऱ्या पक्षाचे आठ गडी एक आड एक उलट दिशांना तोंडें करून बसलेले. नववा पाठलाग करणारा. दुसऱ्या पक्षाचे तीन तीन गडी तुकडीनें आंत येतात आणि जितका वेळ टिकतां येईल तितका वेळ टिकतात. खेळाचें सारें मर्म नियमांतील एका पक्षपातांत आहे. पाठलाग करणाऱ्यानें एकदां दिशा धरली कीं खांब गांठीपर्यंत त्याला मागें फिरतां येत नाहीं, आणि मधली पट्टी तर ओलांडतांच येत नाहीं. त्याला बाजू बदलावयाची असेल तर बसलेल्या गड्याला पाठीमागून खो द्यावा लागतो. पळणाऱ्यावर मात्र असें दिशेचें बंधन नाहीं. त्यानें बसलेल्यांच्या मधून कोठूनहि निघावें, कोठेंहि वळावें.

या मोकळीकीचा उपयोग कसा करावा, याच्या रीति अनुभवी खेळाडूंनीं बसविल्या आहेत. एकेका गड्याला वळसा घालीत नागमोडी जाणें ही एकेरी साखळी. दोन दोन गड्यांना वळसा घालणें ही दुहेरी साखळी. खांबाच्या जवळ गोल फिरत राहणें ही आणखी एक रीत. शाळेंतील मुलींना आधीं एकेरी साखळी शिकवितात, आणि तें योग्यच आहे.

ही मुलगी आंत आली. पहिलीं तीनचार वळणें तिनें साखळीचीं घेतलीं. मग एकाएकीं ती थांबली. दोन्ही पाय जुळवून, जणूं पळणें विसरली अशी उभी राहिली. पाठलाग करणारी मुलगी पुढें आली. हात वीतभर अंतरावर आला. आणि तेवढ्यांत ही कमरेंत वांकून तिच्या हाताखालून अशी निघाली कीं, पुढची मुलगी आपल्याच वेगानें चार पावलें पुढें गेली. दुसरी विचित्र गोष्ट म्हणजे पळतांना ती पाठलाग करणारीकडे क्वचितच पाही. तिची दृष्टि खालीं, बसलेल्या मुलींच्या पायांकडे. पाठ वांकलेली, हात शरीराजवळ, पावलें आंखूड. डोळ्यांना शोभेल असें त्यांत कांहीं नव्हतें. कडेला उभे असलेले शिक्षक "साखळी धर, साखळी धर!" म्हणून ओरडत होते. ती अडीच मिनिटें बाद झाली नाहीं.

शिक्षक तरुण होते आणि मनानें सरळ होते. मीं विचारल्यावर त्यांनीं आपली बाजू नीट मांडली. ते म्हणाले, "गुरुजी, आंत एकटी ही नसते, तिघी असतात. एकीनें ठरलेली चाल सोडली कीं पाठलाग करणारी कोठें वळेल याचा दुसऱ्या दोघींना अंदाज राहत नाहीं. ही वांचते, पण तिच्या सोबतच्या बाद होतात. शिवाय आज शाळेच्या पोरींपुढें जमतं. उद्यां जाणत्या संघापुढें पहिल्याच थांबण्यांत हात लागेल. मग संघ म्हणेल, सरांनीं शिकवलंच नाहीं."

हें बोलणें खोटें नव्हतें. मला एकदम उत्तर सुचलें नाहीं. परंतु घरीं येतांना पतंजलींच्या महाभाष्यांतील एक प्रसंग आठवला, आणि तो आठवल्यावर माझें मलाच हंसूं आलें. कारण इतकीं वर्षें तो मुलांना सांगून मीं त्यांतून स्वतः कांहीं घेतलें नव्हतें.

प्रसंग रथाचाच आहे, म्हणजे वेगाचाच. एक वैयाकरण रथ हांकणाऱ्याची चौकशी करतांना त्याच्यासाठीं "प्रवेता" हा शब्द योजतो. सारथी उत्तर देतांना स्वतःला "प्राजिता" म्हणवितो. वैयाकरणाला तें रुचत नाहीं. हांकणें या अर्थाच्या "अज्" धातूच्या जागीं "वी" यावा असा पाणिनीचा नियम असल्यानें "प्रवेता" हेंच रूप निघतें. तेव्हां तो सारथ्याचा शब्द अशुद्ध ठरवितो. यावर सारथी त्याला सुनावतो तें असें कीं, नियमानें काय प्राप्त होतें एवढेंच या पंडिताला कळतें, जाणत्यांना काय इष्ट आहे तें कळत नाहीं. भाष्यकार स्वतः केवढे वैयाकरण! पण या वादांत त्यांनीं जय दिला तो लगाम हातीं धरणाऱ्याला.

आमच्या शास्त्रानें अशा रूपांना घराबाहेर काढलेलें नाहीं. जीं रूपें साधारण नियमांनीं सिद्ध होत नाहींत, तीं कित्येक वेळां पाणिनि सूत्रांत तयारच मांडून ठेवतो. त्याला निपातन म्हणतात. रामायण-महाभारतांतील जे प्रयोग पाणिनीच्या चौकटींत बसत नाहींत, त्यांना टीकाकार चूक म्हणत नाहींत. आर्ष म्हणतात, आणि हात जोडून पुढें जातात. अर्थात् विद्यार्थ्यानें परीक्षेंत तसेंच लिहिलें तर मीं तांबड्या शाईची रेघ ओढलेलीच आहे. मग ऋषीचा प्रयोग आणि मुलाची चूक यांत भेद कोणता? नुसतें वेगळेपण दोन्हींकडे सारखेंच. भेद इतकाच कीं, एकाच्या मागें कांहीं कारण असतें आणि दुसऱ्याच्या मागें केवळ अज्ञान. आणि कारण आहे कीं नाहीं हें विचारल्याशिवाय कळण्याचा मार्ग नाहीं.

खेळांतहि हेंच पुन्हां पुन्हां घडलेलें आहे. आपल्या नागपूरचेंच उदाहरण घ्या. कर्नल सी. के. नायडू यांचा जन्म नागपुरांत १८९५ सालीं झाला आणि शिक्षणहि येथेंच झालें. चेंडू जमिनीलगत ठेवून खेळावा ही फलंदाजीची शिस्त. हे गृहस्थ तो डोक्यावरून उचलून मारीत. १९२६ सालीं मुंबईंत, बॉम्बे जिमखान्यावर, विलायतेहून आलेल्या एम. सी. सी. संघाविरुद्ध हिंदूंच्या बाजूनें खेळतांना त्यांनीं दोन तासांच्या आंत १५३ धांवा केल्या. त्यांत अकरा षटकार होते. १९३२ सालीं लॉर्ड्सवर हिंदुस्थानचा पहिला कसोटी सामना झाला तेव्हां संघाचे नायक तेच होते. ते उंच मारीत तें हडेलहप्पीनें नव्हे. कोणता चेंडू उचलावयाचा हें त्यांच्या डोळ्याला आधीं दिसत होतें.

दुसरें उदाहरण आपणां सर्वांच्या डोळ्यांसमोरचें. उमेश यादव हे नागपूरजवळच्या वलनी या कोळशाच्या खाणीच्या वस्तींत वाढले; वडील खाणींत कामगार. विशीच्या आसपास येईपर्यंत ते टेनिसच्या चेंडूनेंच खेळत होते. ज्या वयांत इतर मुलांचीं शिबिरें आणि वयोगटांचे सामने संपत येतात, त्या वयांत यांनीं खरा चेंडू हातीं धरला. २००८ सालीं ते विदर्भाच्या संघांत आले, २०११ सालीं भारताच्या कसोटी संघांत. विदर्भाच्या संघांतून तेथवर पोहोंचलेले ते पहिलेच. २०१५ च्या विश्वचषकांत भारतातर्फें सर्वांत अधिक, म्हणजे १८, बळी त्यांचेच होते. क्रमानें न आलेल्या मुलाला दारांतूनच परत पाठवावयाचें ठरलें असतें, तर तो वेग वलनीच्या पटांगणावरच राहिला असता.

परदेशांतहि निराळें नाहीं. उंच उडी मारणारे खेळाडू पूर्वीं दांडीकडे तोंड करून, पोट खालीं ठेवून ती ओलांडीत. डिक फॉसबरी नांवाचा अमेरिकन मुलगा पाठ दांडीकडे करून, आकाशाकडे पाहत पलीकडे पडे. शिक्षकांनीं त्याला जुन्या रीतीकडे वळविण्याचा यत्न केला होता. १९६८ सालीं मेक्सिकोच्या ऑलिंपिकमध्यें त्यानें २.२४ मीटर उडी मारून सुवर्णपदक मिळविलें, आणि आज उंच उडीची रीत म्हणून मुलांना शिकवितात ती त्याचीच. वाळूच्या खड्ड्याच्या जागीं मऊ गाद्या आल्या, म्हणून पाठीवर पडणें शक्य झालें, हें त्यामागील कारण. त्याच देशांत बेसबॉल नांवाचा खेळ आहे. त्यांत चेंडूफेक्याचें लक्ष चुकवून एका तळावरून दुसऱ्या तळावर धांवत जाण्याला तळ चोरणें म्हणतात. आपल्या हुलकावणीचा तो सख्खा भाऊ. रिकी हेंडरसन या खेळाडूनें १९८२ च्या एका हंगामांत असे १३० तळ चोरले आणि साऱ्या कारकीर्दींत १,४०६. हा आंकडा पुढें कोणालाहि गांठतां आलेला नाहीं. हा मनुष्य चेंडू डाव्या हातानें फेकी आणि फलंदाजी मात्र उजव्या बाजूनें करी. त्या खेळांत ही जोडी उलटी समजतात. उभा राही तोहि इतका वांकून कीं, फेक्याला नेम धरावयाला जागाच उरूं नये. तेथील खेळाडू आधीं लहान लहान गांवांच्या संघांतून खेळतात आणि मग मोठ्या संघांत जातात. असें वेडेंवांकडें पळणारें पोर पहिल्यानें पाहणारे लोक त्या लहान मैदानांच्या कडेला बसलेले असतात. आपणहि तेथेंच बसलों आहोंत.

आणि खुद्द खो-खो? त्याचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानें १९१४ च्या सुमारास बांधूं घेतले. त्याच वर्षीं आपल्या अमरावतीस हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन झालें, आणि १९३६ सालीं त्या मंडळाच्या पथकानें बर्लिनला जाऊन देशी खेळांचीं प्रात्यक्षिकें दाखविलीं. २०२५ च्या जानेवारींत दिल्लीस पहिला विश्वचषक झाला. प्रियंका इंगळे आणि प्रतीक वाईकर या दोन महाराष्ट्रीय नायकांच्या हाताखालीं आपल्या स्त्रियांनीं आणि पुरुषांनीं, दोघांनींहि अंतिम सामन्यांत नेपाळला हरविलें. या प्रवासांत नियमहि जागचे हलले. २०२२ सालीं पुण्यास बालेवाडीला अल्टिमेट खो-खो ही स्पर्धा भरली, तींत पाठलाग करणाऱ्या पक्षाला एक "वजीर" देण्यांत आला. या एका गड्याला कोणत्याहि दिशेस धांवण्याची मुभा. ज्या नियमावर खेळ उभा, त्याच नियमाला खेळानें स्वतः अपवाद करून दिला. याला निपातन नाहीं तर काय म्हणावयाचें?

येथवर विचार आल्यावर मीं मुलीला बोलावलें आणि जो प्रश्न तिला अजून कोणीच विचारला नव्हता तो विचारला, "बाळ, तूं मध्येंच थांबतेस कां?"

तिनें माझ्याकडे पाहिलें. मी रागें भरणार नाहीं अशी खात्री झाल्यावर म्हणाली, "आजोबा, मी पळत राहिलें तर तिला कांहीं ठरवावंच लागत नाहीं. ती नुसती मागें येते. मी थांबलें कीं तिला ठरवावं लागतं, खो द्यायचा कीं स्वतः यायचं. ती ठरवते तेवढा वेळ माझा."

"आणि खालीं काय पाहतेस?"

"टांचा. मागून येणारीकडे बघून काय मिळणार? ती तर येतेच आहे. उठणार कोण तें बघायचं. जिला आपल्याला खो मिळणार असं वाटतं ना, तिच्या मागच्या पायाची टांच आधीं हलते."

वाचकहो, मी सुन्न झालों. जिला आम्ही चार वडील माणसें हट्टी म्हणत होतों, तिनें बसलेल्या आठ मुलींच्या टांचा वाचावयास शिकून घेतल्या होत्या. हें तिनें शिक्षकांना कां सांगितलें नाहीं, असें मीं विचारलें. ती म्हणाली, "सरांनीं विचारलं नाहीं. सांगायला गेलें तर उलट बोलणं होतं."

त्या रात्रीं मला झोंप लागली नाहीं. तिचें कारण ही मुलगी नव्हती. पस्तीस वर्षांपूर्वींचा एक मुलगा होता.

तेव्हां मी एका शाळेंत संस्कृत शिकवीत असें, आणि खेळाला माणूस नव्हता म्हणून खो-खोचा संघहि माझ्याकडे होता. त्या संघांत एक सडपातळ मुलगा होता, पळण्यांत वाऱ्यासारखा. पण मान सदा डावीकडे वळलेली. सरळ मार्गानें जातांनाहि तो कोणाची तरी हांक ऐकत असल्यासारखा दिसे. मला तें वेडेंबागडें वाटे. मीं त्याला शिस्त लावली. मान सरळ ठेव, म्हणून दररोज बजावलें. त्यानें ऐकलें. मान सरळ झाली आणि मुलगा लागोपाठ बाद होऊं लागला. मीं त्याला वगळलें. तो कांहीं बोलला नाहीं. फक्त दुसऱ्या दिवसापासून मैदानावर आला नाहीं. त्यांत माझें कांहीं चुकलें असें मला तेव्हां वाटलें नाहीं.

तो आतां याच शहरांत सायकलदुरुस्तीचें दुकान चालवितो. रस्त्यांत भेटला कीं नमस्कार करतो. या मुलीशीं बोलणें झाल्याच्या दुसऱ्याच दिवशीं मी त्याच्या दुकानीं गेलों. इकडचें तिकडचें बोलून झाल्यावर विचारलें, "बाबा रे, तूं मान तिरकी करून कां पळत होतास?"

तो हातांतलें चाक फिरवीतच म्हणाला, "डावा डोळा अधू हाय जी गुरुजी, लहानपणापासून. मान वळवल्याबिगर त्या बाजूचं दिसतच नव्हतं."

"मग मला सांगितलें कां नाहींस?"

"तुम्हीं इचारलं कुठं जी?" असें म्हणून तो हंसला. त्याच्या हंसण्यांत राग नव्हता. तो असता तर मला अधिक बरें वाटलें असतें.

मुलीचे शब्द आणि याचे शब्द जवळजवळ तेच होते. मधल्या पस्तीस वर्षांत मीं शेंकडों मुलांच्या वह्या तपासल्या. कोठें रेघ ओढावयाची हें मला अचूक कळत होतें. रेघ ओढण्यापूर्वीं विचारावयाचें मात्र सुचलें नाहीं.

त्या सायंकाळीं मी क्रीडाशिक्षकांना भेटलों. उपदेश केला नाहीं. माझा तो अधिकार उरला नव्हता. मुलीनें सांगितलें तें जसेंच्या तसें सांगितलें आणि एवढेंच सुचविलें कीं, चार दिवस तिला दोन्ही रीतींनीं पळवून घड्याळ लावून पाहावें. ते खुल्या मनाचे निघाले. चार दिवसांत असें दिसलें कीं, साखळींत ती एकसारखी मिनिटभर टिकते. स्वतःच्या रीतीनें एकदां पंधरा सेकंदांत बाद झाली, तर एकदां पावणेतीन मिनिटें टिकली. सोबतच्या मुलींचें नुकसान होतें ही शिक्षकांची शंकाहि खरी ठरली. तेव्हां त्यांनीं तिला पहिल्या तुकडींतून काढून शेवटच्या तुकडींत घातलें, आणि सोबतच्या दोघींना शिकविलें कीं, ही थांबली कीं तुम्हीं खांबाकडे निघावयाचें. याहून मोठी गोष्ट त्यांनीं केली ती अशी. आपल्याच संघांतील बसणाऱ्या मुलींना त्यांनीं टांच न हलवितां बसण्याचा सराव दिला. ते मला म्हणाले, "इतकीं वर्षें खेळलों, पण हें माझ्या ध्यानांत आलं नव्हतं." हें म्हणावयास शिक्षकाला किती बळ लागतें, तें शिक्षकालाच ठाऊक.

सामन्याला घरचीं नऊ माणसें आलीं होतीं. आजीबाईहि आल्या होत्या. बरोबर संत्र्यांची पिशवी होती. पहिल्या डावांत मुलगी आंत आली, चार वळणें घेतलीं, थांबली, आणि जागच्या जागीं बाद झाली. वीस सेकंदहि झाले नव्हते. थोरल्या काकांनीं माझ्याकडे पाहिलें. मी मैदानाकडे पाहिलें. शिक्षक तिला काय बोलतात याकडे आम्हां सर्वांचे कान लागले होते. ते म्हणाले, "पाणी पी. दुसऱ्या डावांत तुझ्याच रीतीनं पळ."

दुसऱ्या डावांत ती दोन मिनिटें दहा सेकंद टिकली. संघ मात्र एका गुणानें हरला. परत येतांना ती रडली, आणि थोड्या वेळानें आजीच्या पिशवींतील संत्रें सोलूं लागली. घरांतील वाद मिटला असें मी म्हणणार नाहीं. थोरल्या काकांचें मत अजूनहि तेंच आहे, आणि दहावीचें वर्ष तर जवळ येतच आहे. पण ती आतां जेवते, आणि सायंकाळीं मैदानावर जाते.

ज्या घरांत तीन पिढ्या एकत्र नांदतात, तेथें शिस्त हवीच. चौदा माणसांचें घर साखळीनेंच चालतें. एखादें मूल त्या साखळींतून निसटूं लागलें तर त्याला अडवावयाचा अधिकारहि वडिलांना आहे. माझी विनंती इतकीच कीं, अडविण्यापूर्वीं एकदां, राग बाजूस ठेवून, कां असें विचारावें. उत्तर पोकळ निघालें तर तांबडी शाई कोठें पळून जात नाहीं.

त्या सामन्याला मीं सायकलदुकानदाराला बोलावलें होतें. दुकान लवकर बंद करून तो आला आणि दोरीला टेकून उभा राहिला. मुलगी दुसऱ्या डावांत थांबली, वांकली, सुटली, तेव्हां तो टाळी वाजवावयाचेंहि विसरला. मग हलकेंच म्हणाला, "हिला कोणी काही सांगू नका जी गुरुजी." मीं त्याच्याकडे पाहिलें. त्याची मान डावीकडे वळलेली होती.